दशावतार आणि साबर बोंड : आठ दिवसांत दोन मराठी पिक्चर बघितले आणि शेवटावरून वाद

सुमी डोंबिवलीची

आधीच सांगते, दोन्ही पिक्चरची गोष्ट फोडली आहे. ज्यांना बघायचेत त्यांनी बघून या आणि मग वाचा.

दशावतार १२ सप्टेंबर २०२५ला लागला आणि साबर बोंड १९ला. आईला घेऊन दोन्ही बघितले. दशावतार दादरला, रविवारी संध्याकाळी, एक खुर्ची रिकामी नव्हती, मागच्या रांगेत अख्खी मालवणी फॅमिली आजीसकट आलेली. दिलीप प्रभावळकर पिक्चर लागला तेव्हा ८१ वर्षांचे होते, ८१! मी चौकट राजा टीव्हीवर बघून रडलेली मुलगी आहे, त्यामुळे मी त्यांच्या बाजूनेच बसले होते. आणि पहिला अर्धा भाग खरंच सुंदर आहे. कोकणातल्या दशावतारी नाटकात काम करणारा, डोळ्यांनी अधू होत चाललेला म्हातारा बाबुली मेस्त्री, मुलगा म्हणतो बाबा आता बास करा आणि बाबांना रंग लावल्याशिवाय जगताच येत नाही. बाप आणि मुलगा दोघंच घरात आहेत, एकमेकांना सांभाळतायत, एवढ्यावर मी दोन तास बसले असते.

मग मुलगा मारला जातो, खाण येते आणि पिक्चर बदल्याचा होतो. एकेक अवतार घेऊन एकेकाला संपवायचं. थिएटरात शिट्ट्या पडल्या, आईने पण टाळ्या वाजवल्या. पण मला घरी येताना रिकामं वाटलं. खाणीचा प्रश्न इतका खरा आहे, गावचा डोंगर कोण विकतो, सह्या कोण करतं, पोरांना गावात नोकरी नाही म्हणून तीच पोरं कंपनीत लागतात, हे सगळं पहिल्या भागात उभं केलं आणि नंतर चार वाईट माणसं मेली की संपलं? ती मेली तरी कागद तिथेच आहेत ना?

साबर बोंड बघायला मात्र ठाण्याला सकाळी पावणेदहाचा शो गाठावा लागला, तेव्हा तो एकच शो होता. मुंबईत नोकरी करणारा आनंद वडील गेले म्हणून गावी जातो, दहा दिवस सुतकात राहतो, नातेवाईक लग्नाचं विचारून विचारून जीव नकोसा करतात आणि लहानपणचा मित्र बाळ्या त्याला पुन्हा भेटतो. दोघांचं एकमेकांवर प्रेम आहे. पिक्चरला पार्श्वसंगीतच नाही, अजिबात नाही. पहिली दहा मिनिटं मला शेजारच्याच्या पॉपकॉर्नचा आवाज येत होता, मग त्याने स्वतःच पुडा खाली ठेवला. इथे कोणी मरत नाही, कोणाला शिक्षा होत नाही, आणि तरी तो शेवट माझ्या डोक्यातून जात नाहीये.

माझं म्हणणं एवढंच की दशावतारने शेवटी प्रेक्षकाला खूश करून घरी पाठवलं. पटत नसेल तर सांगा, पण पिक्चर बघून सांगा.

वेंगुर्लेकर, मुक्काम भांडुप

सुमीताई, पिक्चर बघलंय, दोनदा. एकदा एकटो आणि एकदा आवशीक (म्हणजे आईला) घेऊन. आता सगळ्यांना कळावं म्हणून तुमच्या मराठीत लिहितो.

तुम्ही ज्याला बदला म्हणताय तो आमच्याकडे दशावतारच आहे. कधी रात्रभर बसून धयकालो, म्हणजे जत्रेतलं दशावतारी नाटक, बघितलाय का? आधी आडदशावतार, म्हणजे सुरुवातीचा ठरलेला भाग, होतो, गणपती येतो, रिद्धिसिद्धी, भटजी, सरस्वती, मग संकासुर. काळा झगा, काळं तोंड, लहान पोरं त्याला घाबरून आईच्या पदरात जातात. संकासुराने वेद पळवलेले असतात आणि विष्णू त्याला मारतो. त्यानंतर आख्यान लागतं, त्यातही राक्षस असतो आणि पहाटेपर्यंत तो मरतोच. मग हंडी फुटते आणि लोक घरी जातात. राक्षस मेल्याशिवाय हंडी फुटत नाही. आयुष्यभर देव होऊन राक्षस मारलेल्या माणसाचा पोरगा मारला गेला, तर तो काय माहितीच्या अधिकारात अर्ज करेल? त्याच्याकडे जे आहे तेच तो वापरणार. त्याच्याकडे अवतार आहेत.

माझ्या आज्याकडे एका दशावतारी मंडळातल्या लोकांचं येणंजाणं होतं म्हणून मी जवळून बघितलंय. वालावलकर, मोचेमाडकर, पार्सेकर ही मंडळांची नावं आमच्याकडे पोरांना पाठ असतात. यातली माणसं दिवसा शेतात नाहीतर आंब्याच्या बागेत आणि रात्री राजा. देवळाच्या मागे कंदील नाहीतर एक बल्ब, हातात छोटा आरसा, आणि स्वतःचा चेहरा स्वतःच रंगवायचा, मेकअपवाला वगैरे कोणी नाही. स्त्रीपार्टी करणारा बाप्या साडी नेसून बाहेर आला की सख्खी बायको ओळखणार नाही. संवाद लिहिलेले नसतात, कथा ठरलेली आणि बोलणं तिथल्या तिथे, पेटीवाला आणि मृदंगवाला त्याच्या तोंडाकडे बघून साथ देतात. हे सगळं मोठ्या पडद्यावर आलं आणि मुंबईतल्या थिएटरात लोक मालवणी ऐकून ओरडले. माझी आवस इंटरव्हलमध्ये रडत होती, दुःखाने नाही. तिला पंचेचाळीस वर्षं मुंबईत लोक बोलण्यावरून हसलेत.

त्यामुळे शेवट मला शंभर टक्के पटला.

गिरगाव सोडलेला

वेंगुर्लेकर तुमची पोस्ट छान आहे, पण तुम्ही दशावतार या कलेबद्दल बोलताय आणि सुमी दशावतार या पिक्चरबद्दल बोलतेय. देवळासमोर राक्षस मरतो तेव्हा सगळ्यांना माहीत असतं की तो शेजारच्या वाडीतला माणूस आहे आणि सकाळी उठून दूध घालायला जाणार आहे. पिक्चरमध्ये तसं नाही ना, तिथे माणूस खरा मेला असं दाखवलंय. फरक आहे.

दुसरं म्हणजे व्हिलन लोक फारच व्हिलन आहेत. खाणवाला मिश्या पिळतच आला पाहिजे असं काही नसतं, खरा खाणवाला गावच्या देवळाला देणगी देतो आणि क्रिकेटच्या टुर्नामेंटला बक्षीस देतो. तसा दाखवला असता तर मी घाबरलो असतो.

कल्याणची काकू

मी साबर बोंडबद्दल बोलते. मला नाही आवडला. स्पष्ट सांगते, विषयामुळे नाही, माझा भाचा तसा आहे आणि तो माझ्याकडेच राहतो, माझ्या घरात कोणाला काही प्रॉब्लेम नाही. पण किती संथ! माणूस बसलाय तर बसलाच आहे, झाडाखाली आडवे झालेत तर आडवेच. कॅमेरा हलत नाही. तिकीट अडीचशे, नवरा शेजारी झोपला. सिनेमा म्हणजे काहीतरी घडायला पाहिजे ना. बाहेरच्या देशात बक्षीस मिळालं म्हणून आपण मान डोलवायची का?

रात्रपाळी

काकू, बक्षिसामुळे मान डोलवू नका. बक्षीस मोठं आहे हे मात्र खरं. २०२५च्या जानेवारीत अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात परदेशी कथापटांच्या विभागात ग्रँड ज्युरी प्राइज मिळालं, मराठी पिक्चरला याआधी कधीच नाही. पण ते बाजूला ठेवा.

मी लालबागला वाढलो, चाळीत, दहा बाय बाराची खोली. आता बत्तीस वर्षांचा आहे, आनंदसारखाच तिशीतला. माझे वडील कोविडच्या वेळी गेले आणि आम्ही सातारच्या बाजूला गावी तेरा दिवस होतो. तुम्ही म्हणता काही घडत नाही. ते दिवस असेच असतात. सकाळी उठायचं, लोक येतात, चहा होतो, कोणीतरी रडतं, कोणीतरी जमिनीचं बोलतं आणि दुपारी सगळे भिंतीला टेकून बसलेले. आणि त्यात दर तासाला एक जण विचारतो, आता तुझं लग्न लवकर उरकून टाकू, वडिलांच्या आत्म्याला शांती. माझी मुंज नव्हती तरी टक्कल केलेलं, त्या टकलावरून हात फिरवून विचारायचे. मी दरवेळी हो म्हणालो. तेरा दिवसांत किती वेळा हो म्हणालो असेन. थिएटरमध्ये आनंदच्या मागे तो लग्नाचा विषय निघाला की माझ्या पोटात गोळा येत होता आणि माझ्या बाजूच्याला ते संथ वाटत असेल, त्याचं चुकत नाही.

दिग्दर्शक रोहन कानवडे मुंबईचाच आहे, झोपडपट्टीत वाढलेला, त्याचे वडील गेले तेव्हा गावी बसून हेच सगळं ऐकलं आणि त्यातून गोष्ट आली असं त्याने मुलाखतींमध्ये सांगितलंय. म्हणून त्यात मुंबईहून गेलेल्या माणसाची नजर बरोबर आली आहे. गाव सुंदर पण दाखवलेलं नाही आणि मागासलेलं पण नाही.

संगीत का नाही ते पण मला तिथे बसून कळलं. संगीत असतं तर कुठे रडायचं ते मला कोणीतरी सांगितलं असतं.

कल्याणची काकू

रात्रपाळी, तुझं वाचून गप्प झाले. पिक्चर माझ्यासाठी संथच होता हे मी बदलत नाही, पण नवऱ्याला वाचून दाखवलं. भाच्यालाही पाठवलं आहे.

परळचा पंखा

सगळे कलेवर बोलतायत, मी धंद्यावर बोलतो. सुमी, तुला पावणेदहाचा शो मिळाला ही खरी बातमी आहे. दशावतारला लोक आले म्हणून शो वाढले, छान. पण पहिल्या आठवड्यात कोण ठरवतं की कुठल्या पिक्चरला सकाळचा आणि कुठल्याला रात्रीचा? २०१५ साली सरकारने मल्टिप्लेक्सला मराठी पिक्चर संध्याकाळी सहा ते नऊमध्ये दाखवायला सांगितलं होतं, मग हिंदीवाल्यांनी आणि इंग्रजी पेपरांनी आरडाओरड केली आणि ते दुपारी बारा ते रात्री नऊ झालं. पण पावणेदहा त्यात पण बसत नाही! आणि एक शो दुपारी बाराला लावला तर नियम पाळला असंच होतं. नोकरी करणारा माणूस बाराला कुठून येणार?

पूर्वी लालबागच्या भारतमाता थिएटरात मिलची पाळी सुटली की लोक डबा हातात घेऊनच घुसायचे. दादर टीटीचं चित्रा २०१९ला बंद झालं. स्वस्त पडदे गेले की आपला पिक्चर महाग पडद्यावर हिंदीशी आणि साऊथच्या डब पिक्चरशी मारामारी करतो. २२ सप्टेंबर २०२५पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावरचा जीएसटी बारावरून पाच टक्के केला, पण मुंबईत शंभरचं तिकीट आहे कुठे? शंभरच्या वर अठराच. शेवट चांगला का वाईट ते नंतर, आधी पिक्चर लोकांच्या वेळेला लागला पाहिजे.

गिरगाव सोडलेला

पंखा, वेळेचं मान्य. पण नुसतं मराठी म्हणून संध्याकाळचा शो द्या हे मला पटत नाही. वर्षाला शंभराच्या आसपास मराठी पिक्चर येतात, त्यातले कित्येक कोणी का काढले तेच कळत नाही. दशावतारला लोक मराठी म्हणून नाही आले, प्रभावळकर आणि कोकण म्हणून आले.

परळचा पंखा

आणि साबर बोंडला कोण येईल हे तुला पावणेदहाच्या शोवरून कसं कळणार? त्या पिक्चरच्या मागे नागराज मंजुळे आणि सई ताम्हणकर उभे राहिले, राणा दग्गुबातीच्या कंपनीने तो इकडे लावला, एक तेलुगू हिरो मराठी पिक्चर लावतो म्हणजे बघ. तरी वेळ सकाळचीच. तुझं म्हणणं आहे लोक आले की शो मिळेल, मी म्हणतो शो मिळाला की लोक येतील. दोघांनी एकदा तिकीट खिडकीवर उभं राहून बघू.

सुमी डोंबिवलीची

सगळ्यांचं वाचलं, दोनदा वाचलं. वेंगुर्लेकर, संकासुराचं मला माहीत नव्हतं आणि ते वाचून मी पिक्चर डोक्यात परत चालवला. बाबुलीने जे केलं ते त्याच्या दृष्टीने बरोबर आहे हे आता पटतं, तो दुसरं काही करूच शकला नसता. पण माझी तक्रार बाबुलीवर नव्हतीच, पिक्चरवर होती. बाबुलीला अवतार घेऊ देत, पण पिक्चरने एकदा तरी त्या सह्यांच्या कागदाकडे वळून बघायला हवं होतं. यावर मी ठाम आहे.

आईचं एक सांगायचं राहिलं. दशावतार बघून ती गाडीत घाटकोपरपर्यंत बोलत होती, कोण कसं मेलं ते शेजारच्या बाईला पण सांगून झालं. साबर बोंड बघून मात्र ती गप्प. मला वाटलं चिडली, मी तिला नीट सांगून नेलं नव्हतं कशावर आहे ते. ठाण्याला गाडीत बसलो, मुंब्रा गेलं, दिवा गेलं, खिडकीतून खाडीकडे बघत होती. मग म्हणाली, "ती आई शहाणी आहे गं. पोराला काही विचारलं नाही, पण तिला सगळं ठाऊक होतं." आणि पिशवीतून चणे काढून मला दिले. एवढंच. माझ्या आईला हे दोन्ही पिक्चर आवडले आणि तिला त्यात काही भांडण दिसत नाही, भांडण मलाच दिसतंय.

आता ती मागे लागली आहे की खरा धयकालो बघायचा. वेंगुर्लेकर, कुठे आणि कधी जायचं ते सांगा.

वेंगुर्लेकर, मुक्काम भांडुप

तुमच्या आईला माझा नमस्कार सांगा. कागदाचं तुम्ही म्हणता त्यावर विचार करतोय, आमच्या शेजारच्या गावात असे कागद झालेत, त्यामुळे पटकन नाही म्हणवत नाही.

जत्रा त्रिपुरारी पौर्णिमेपासून. सोनुर्लीच्या माऊलीची लोटांगणाची जत्रा पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी असते, सावंतवाडी तालुक्यात, तिथून पुढे गावागावात रोज कुठे ना कुठे असतेच. दादरहून रात्री बाराला तुतारी एक्सप्रेस सुटते ती थेट सावंतवाडीला. तिकीट आत्ताच काढा, नंतर मिळत नाही. आईसाठी शाल आणि बसायला जाड चादर घ्या, खुर्च्या नसतात. बारा वाजेपर्यंत खाजं नि भजी खाऊन घ्या, मग पेटी सुरू झाली की उठायचं नाही. आणि संकासुर येईल तेव्हा आईंना पुढे बसवा, तो म्हाताऱ्यांची मस्करी करायला सरळ अंगावर येतो.