एमटेकला नेटवर्किंग घेतलंय, सुरुवात कुठून करू?

प्रश्न: बीईला ओएसआयचे सात लेयर पाठ केले, सबनेटिंग येतं, पण इथे सर थेट रिसर्च पेपर वाचायला देतायत आणि कंजेशन कंट्रोल (नेटवर्कवर गर्दी झाली की डेटा पाठवण्याचा वेग आवरणं) डोक्यावरून जातंय. आधी काय करू?

उत्तर १: व्हॅन जेकबसनचा कंजेशन कंट्रोलवरचा १९८८ चा पेपर आधी वाच, खरंच. १९८६ मध्ये बर्कलेतल्या दोन जागांमधला, जेमतेम ४०० यार्डांवरचा स्पीड ३२ केबीपीएसवरून ४० बीपीएसवर कोसळला होता, तो का कोसळला हे शोधता शोधता स्लो स्टार्ट (कमी डेटापासून सुरुवात करून पाठवणं वाढवत नेणारा अल्गोरिदम) आला. कारण कळलं की अल्गोरिदम पाठ करावाच लागत नाही.

उत्तर २: +१. सोबत लॅपटॉपवर मिनिनेट (एकाच मशीनवर आभासी नेटवर्क बनवणारं टूल) टाका, टीसी नेटेम या लिनक्सच्या टूलने लिंकवर थोडा पॅकेट लॉस द्या (म्हणजे काही पॅकेट मुद्दाम हरवा) आणि आधी क्युबिक मग बीबीआर हे कंजेशन कंट्रोलचे अल्गोरिदम लावून आयपर्फ हे स्पीड मोजणारं टूल चालवा. क्युबिक लॉस दिसला की विंडो (उत्तर यायच्या आधी एका वेळी पाठवता येणारा डेटा) कमी करतो, बीबीआर बँडविड्थ आणि आरटीटी (पॅकेट जाऊन उत्तर यायला लागणारा वेळ) मोजून चालतो, त्यामुळे फरक ग्राफमध्ये लगेच दिसतो, मला तर हाच भाग सगळ्यात आवडतो.

उत्तर ३: एनएस-३ हा नेटवर्क सिम्युलेटर लगेच नको, सी++ मध्येच सेमिस्टर जाईल. वायरशार्कमध्ये (नेटवर्कवरची पॅकेट दाखवणारं टूल) आधी एक टीसीपी कनेक्शन नीट बघ, कंजेशन कंट्रोल या टीसीपी प्रोटोकॉलमध्येच असतं.

प्रश्नकर्ती: थँक्यू सगळ्यांना, मिनिनेट डाउनलोडला लावलंय!