वृंदावनातली तुळस काढ्यासाठी खुडावी का?

अंगणवाला
माझं मत स्पष्ट आहे: वृंदावनातली तुळस पूजेची, खोकल्या-सर्दीसाठी वेगळी कुंडी लावावी. पूजेच्या रोपावर रोज हळद-कुंकू पडतं, आणि बाजारातल्या कुंकवात सर्रास रासायनिक रंग असतो. तुळशीच्या पानाला बारीक लव असते, तिच्यात हे कुंकू अडकतं. पान धुऊन उजेडात धरा, शिरांच्या कडेला लाल रेघ तशीच दिसेल. वर निरांजनाचं तेल मातीत आणि उदबत्तीची राख पानांवर. शिवाय द्वादशीला खुडायची नाही, रविवारी नाही, सूर्यास्तानंतर नाही. खोकला काही पंचांग बघून येत नाही.

टाळकरी
सहमत नाही. खुडताना म्हणायच्या मंत्रात 'केशवासाठी खुडतो' असंच म्हणतात. आधी नैवेद्यावर, तीर्थात, मग आपल्या मुखात, ही आपली रीत. पूजा आणि औषध वेगळं काढलं की उरतो तो नुसता पाला. द्वादशीची अडचणही फारशी नाही, आदल्या दिवशी खुडून ठेवा. तुळस शिळी होत नाही, हे धर्मशास्त्रच मानतं. आणि कुंकू पानांवर टाकायला सांगितलंय कोणी? वृंदावनाला कोनाडा असतो तो दिवा आणि हळद-कुंकवासाठीच. झाडावर उधळणं हा आपला आळस.

कुटकी
दोघेही 'काढा' म्हणताय, तिथेच घोळ आहे. तुळशीचा गुण बराचसा तिच्या उडनशील तेलात. शास्त्रीय काढ्यात द्रव्याच्या १६ पट पाणी घालून ते आठवा भाग उरेपर्यंत आटवतात. मुळं-सालींना ते ठीक. तुळस इतकी उकळली की सगळं घर घमघमतं, म्हणजे औषध हवेत गेलं आणि कपात कडवट पाणी राहिलं. इथे फांट हवा. १२-१५ ताजी पानं हाताने चुरगळा, कपभर उकळतं पाणी ओता, लगेच झाकण ठेवा, १० मिनिटांनी गाळा. झाकणाच्या आतलं पाणीही कपातच निथळवा. मध कोमट झाल्यावरच.

चरकाने सुरसा, म्हणजे तुळस, श्वासहर, म्हणजे दम्यावरच्या औषधांच्या गणात घातली आहे, ते कफ-वाताच्या हिशेबाने. वीर्य, म्हणजे औषधाचा शरीरावरचा गुण, उष्ण. तोंड येणं, आम्लपित्त, नाकातून रक्त येणं अशा तक्रारी असणाऱ्यांनी 'रोज रिकाम्या पोटी' हे व्रत घेऊ नये. तीर्थातलं एक पान हा प्रसाद आहे, मात्रा नव्हे.

अंगणवाला
फांटाचं पटलं. पण तुमच्याच आकड्याने माझी बाजू भक्कम होते. १५ पानं, दोन वेळा, घरात चौघं: दिवसाला १२० पानं. वृंदावनातलं एकटं रोप आठवड्यात खराटा होईल. एका वेळी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त पाला काढला की ते सावरत नाही.

टाळकरी
खुडण्याने तुळस मरत नाही, चुकीचं खुडण्याने मरते. पानं ओरबाडायची नाहीत. शेंड्याकडून, पानांच्या जोडीच्या लगेच वर नखाने खुडा. त्या जोडीच्या दोन्ही बगलांतून नवे फुटवे येतात. मंजिऱ्या तर खुडायलाच हव्यात. बी धरलं की रोपाचा सगळा जोर तिकडे जातो, पानं बारीक होतात, खोड लाकडासारखं होतं. विष्णूला मंजिरी प्रिय का, हे बागेत उभं राहिलं की कळतं!

खरा घात तांब्याभर पाण्याचा. सिमेंटच्या वृंदावनाला बऱ्याचदा खाली भोकच नसतं. रोज तांब्या ओतला की मुळं कुजतात, खालची पानं पिवळी पडतात, शेंडे माना टाकतात. पाणी कमी पडलं वाटून अजून एक तांब्या. बोटाचं पहिलं पेर मातीत खुपसा. ओल लागली तर त्या दिवशी पळीभरच घाला, पूजा तेवढ्यानेही होते.

शंकेखोर
मंजिरीबद्दल बरोबर. पण 'तुळस रात्रीही ऑक्सिजन देते' आणि 'पानात पारा असतो म्हणून चावू नये' हे कोणीतरी आणणारच, म्हणून आधीच लिहितो. रात्री तीही इतर झाडांसारखा कार्बन डायऑक्साइडच सोडते. पाऱ्याला आधार नाही. चावल्यावर जीभ चुणचुणते ती युजेनॉलने, लवंगेत असतं तेच. खरी काळजी वेगळ्या ठिकाणी. रक्त पातळ करणाऱ्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील, गरोदरपण असेल, ऑपरेशन ठरलं असेल, तर दोन वेळचा फांट डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. 'देवाचं आहे, अपाय कसा होईल' हे गोळीला कळत नाही.

टाळकरी
प्रसादाच्या पानाने काही होत नाही, एवढं तरी मान्य करा.

शंकेखोर
एका पानाचं मान्य. १२०चं नाही.

अंगणवाला
मग कुंडी लावाच. तुळशीच्या लग्नानंतर वाळलेल्या मंजिऱ्या तळहातावर चोळा आणि बी डब्यात जपून ठेवा, कारण थंडीत उगवण रखडते. फाल्गुनात ऊन वाढलं की ओल्या मातीवर नुसतं भुरभुरवा, वर मातीचा पातळ पापुद्रा. खोल पुरलं की येत नाही. पानांच्या दोन-तीन जोड्या आल्या की प्रत्येक कुंडीत एक रोप. खाली भोक बघून घ्या.

टाळकरी
लावा. पहिलं पान मात्र विठोबाला.