मायलेकराची ब्राँझ मूर्ती: कुशीतली फट ओतताना बिघडते, उपाय काय?

माती_यवतमाळ
अंगणवाडीच्या ओट्यासाठी दीड फुटी मायलेकराची मूर्ती करायची आहे. माय मांडी घालून बसलेली, लेकरू डाव्या मांडीवर, तिचा उजवा हात त्याच्या पाठीवर. मातीचा नमुना तयार आहे. मेण वितळवून पोकळ ओतायची आहे, म्हणजे आतल्या गाभ्यावर मेणाचा थर, त्यावर साचा, आणि मेण वितळून गेलेल्या जागेत धातू. अडचणी अशा:
छाती आणि लेकराचं डोकं यांत जेमतेम ८ मिमी फट आहे. छोट्या चाचणीत नेमका तिथेच धातू भोकाभोकांचा आला. लेकराचं मनगट भरलंच नाही.
भंडाऱ्याहून पितळेची मोड (भंगार) सहज मिळते. ती चालेल, की ब्राँझच घ्यावं?
आणि चेहऱ्यावर कितीही काम केलं तरी माया दिसत नाही. नुसती बाई बसलेली दिसते.

ओतारी_भंडारा
भाऊ, त्या फटीत साच्याची माती चिमूटभर, आणि दोन्ही अंगांनी ११०० अंशांचा धातू. त्या मातीला उष्णता बाहेर टाकायला वाटच नाही. ती लाल होते, शेजारचा धातू सगळ्यांत शेवटी गोठतो. तोवर बाकीची मूर्ती गोठून गेलेली, मग आकसताना लागणारा धातू येणार कुठून? म्हणून भोकं. माती बदलून हे पुरतं सुटत नाही.

फट १५ मिमीपर्यंत वाढवा, नाही तर अजिबात ठेवू नका. अधलंमधलं नको. डोकं छातीला टेकवलंत तर जोडावर धातू जाड होतो, म्हणून तिथे मायचा आणि लेकराचा गाभा आतून एकच करा. धातूची भिंत सगळीकडे ४ ते ५ मिमी राहिली पाहिजे. लेकरू भरीव ओतलं की डोक्यावर खळगा पडतो आणि मानेशी चीर जाते.

मनगट भरलं नाही कारण धातू तिथवर थंड होऊन पोचला, आणि आतली हवा कोंडली. कोपराला ६ मिमीची ओतनळी द्या, बोटांच्या टोकातून ३ मिमीची हवानळी थेट साच्याच्या तोंडापर्यंत न्या. मूर्ती उलटी ओता, डोकं खाली आणि बैठक वर. मळी (धातूवरचा मळ) वर चढून बैठकीत राहते, चेहऱ्यांना स्वच्छ धातू मिळतो.

गाभ्यासाठी प्लास्टर १ भाग, सुरखी (विटांचा भुगा) २ भाग. मातीचा गाभा करायचा असेल तर वारुळाची माती, धानाचा कोंडा, शेण. आपल्याकडची काळी माती घेऊ नका, सुकताना ती आकसते आणि फाटते. ३ मिमीचे लोखंडी खिळे मेणातून गाभ्यात ठोका, अर्धे आत, अर्धे बाहेर, आठ-दहा ठिकाणी, लेकरातही. खिळे नसले की मेण गेल्यावर गाभा सरकतो, एका बाजूची भिंत कागदासारखी होते. गाभ्याची वाफ बाहेर जायला बैठकीतून एक नळी हवीच.

कथिल
पितळेत ओतता येतं, बस्तरचे घडवा कारागीर तेच करतात. पण इथे मूर्ती अंगणवाडीत जाणार, लेकरं तिला हात लावणार, चाटणार. मोडीच्या पितळेत शिसं किती हे डोळ्यांनी कळत नाही. शिवाय जस्त ९०७ अंशांना उकळतं, त्याचा पांढरा धूर छातीत गेला की रात्री थंडी-ताप येतो. माझं स्पष्ट मत: ब्राँझ करा. तांबं ९० टक्के, कथिल १० टक्के.

धातूचा हिशेब मेणावरून निघतो. ओतनळ्या सोडून फक्त मूर्तीचं मेण तोला आणि वजन ९ ने गुणा. मेण १ किलो ८०० ग्रॅम भरलं तर मूर्ती १६ किलोंच्या पुढे. नळ्या, तोंड आणि जळून होणारी घट धरून २१-२२ किलो तयार ठेवा. कमी पडलेला धातू मागून ओतला तर सांधत नाही.

तांबं लाकडी कोळशाच्या थराखाली वितळवा, कथिल शेवटी घाला. आधी घातलं तर त्याची राख होते. ओतायच्या जरा आधी १५ टक्के फॉस्फरसवालं फॉस्फर-कॉपर (धातूतला प्राणवायू काढणारा मिश्रधातू) ४० ग्रॅम. ढवळा, मळी काढा, ११०० ते ११५० अंशांत ओता.

मेण काढायला साचा भाजताना प्लास्टरचा साचा ७०० अंशांच्या वर नेऊ नका, प्लास्टर फुटून गंधकाचा वायू सुटतो आणि धातूचा पृष्ठभाग खराब होतो. आत काळं दिसत असेल तर मेणाचा कोळसा अजून आहे, भट्टी चालू ठेवा. ओल राहिली असेल तर ओतूच नका. वितळलेला धातू ओल्या साच्यातून उसळून अंगावर येतो.

वाकाटक
पहिला आणि तिसरा प्रश्न एकाच जागी सुटतो, ताई/दादा. ती जागा म्हणजे पदर.

एवढ्या मूर्तीत चेहरा तीन-साडेतीन इंचांचा. ओठांची बारीक वळणं कानशीखाली जातात, उरलेली धातूच्या चकाकीत मोडतात. नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात जा आणि रामटेकजवळच्या हमलापुरीला सापडलेल्या बुद्धाच्या कांस्यमूर्ती पाहा. चेहरा जवळपास स्थिर, करुणा हातात आणि उभं राहण्यात आहे. जैन अंबिका यक्षीच्या मूर्तींतही लेकरू मांडीवर असतं, आणि माया दिसते ती त्याला धरलेल्या हातात.

म्हणून भार दाखवा. लेकराच्या डोक्याखालचा गुडघा किंचित उचललेला, धड कमरेतून जरा मागे, मान मात्र पुढे वाकलेली. पाठीवरचा तळवा सपाट ठेवू नका. बोटं फाकलेली, त्यांच्यामधून कापडाची घडी दबून वर आलेली. लेकराची मूठ सैल, पायाची बोटं पसरलेली. झोपलेल्या लेकराचं वजन यातूनच कळतं.

आता मायचा पदर खांद्यावरून लेकराच्या डोक्यावर ओढा, ४ मिमी मेणाचा पत्रा. फट झाकली जाते, आत माती अडकत नाही, आणि खांद्याचा धातू पदरातून लेकराकडे पोचतो. लेकराची मूठ त्या पदराला धरवा. मनगटाला दुसऱ्या बाजूनेही वाट मिळते. शिल्पकार मीरा मुखर्जींनी बस्तरच्या घडवांकडून मेण वितळवून ओतण्याचं तंत्र शिकून मोठ्या मूर्ती केल्या. त्यांच्या कामात कापड, केस, अंग यांना जोडणाऱ्या मेणाच्या दोऱ्या बघा.

माती_यवतमाळ
पदराचं लगेच करतो. मेणकाम एप्रिलमध्ये सुरू केलं तर?

ओतारी_भंडारा
शक्यतो नको. मधमाशीचं मेण ६२-६४ अंशांना वितळतं, पण चाळिशीच्या आतच मऊ पडतं. दुपारी लेकराचा हात आणि पदर खाली लोंबतील, तुम्हाला दिसेपर्यंत भार दाखवणारी सगळी वळणं गेलेली. करायचंच असेल तर १० भाग मेणाला ४ भाग राळ, तेल अगदी थेंबभर. पहाटे काम, दिवसा मूर्ती माठाच्या पाण्यात. राळ वाढली की मेण ठिसूळ होतं, मूठ-बोटं सांभाळा. दिवाळीनंतर सुरू केलंत तर ३ भाग राळ पुरे, आणि साचाही उन्हात नीट सुकतो. पावसाळ्यात मात्र साचा बांधू नका.