अप्पांची फिल्टर कॉफी बंद, शहाळं चालू. बरोबर केलं काय?

अनगोळचा पोरगा
अप्पा 68 वर्षांचे, शुगर जुनी. मागच्या महिन्यात क्रिएटिनिन (रक्तातला कचरा, किडनी दमली की वाढतो) 1.9 आलं. डॉक्टर म्हणाले, किडनीचा तिसरा टप्पा. त्याच संध्याकाळी घरात निकाल लागला: कॉफी बंद! खानापूरच्या काकींनी फोनवरून सांगितलं, "कॉफीनं मूत्रपिंड वाळतंय." तिच्या जागी रोज सकाळी शहाळं सुरू झालं.

माझं मत, नुसती कॉफी बदनाम झालीय. जेवणात सांडगी मिरची आणि पापड आहेच. गुडघा दुखला की मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय दुखण्याची गोळी येते. बी.पी.चं मशीन दिवाळीपासून कपाटात पडलंय. किडनीला बाधतं ते हे, पण ह्यातल्या कशाचीच चौकशी नाही. अमेरिकेत 14,209 लोकांवर साधारण 24 वर्षं नजर ठेवली होती. 2018 मध्ये निष्कर्ष छापून आला: रोज कॉफी पिणाऱ्यांना किडनीचा जुनाट आजार जडण्याचं प्रमाण थोडं कमीच. मग पंचवीस वर्षांची सवय का तोडायची?

निपाणीची लेक
दादा, ती पाहणी धडधाकट लोकांवरची, आजार पुढे कुणाला होतो ते बघणारी. तुमच्या अप्पांना तो आधीच झालाय. शिवाय कॉफी पिणारा कमी आजारी पडला म्हणजे कॉफीनंच वाचवलं, असं कुठं होतं? ज्याला बरं वाटत नाही तो आपणहून कॉफी कमी करतो. मग कॉफी पिणाऱ्यांत धट्टेकट्टेच उरतात.

आणि उलटंही वाचा की. इटलीत तरुण, थोडं बी.पी. वाढलेल्या लोकांची पाहणी झाली, 2023 मध्ये आली. कॅफिन शरीरात मोडायचा वेग जन्मतःच ज्यांचा मंद आहे आणि जे दिवसाला तीन कपांहून जास्त घेतात, त्यांच्या लघवीतून प्रथिन जाण्याची शक्यता 2.7 पट निघाली. वेग जलद असलेल्यांना तसं काही झालं नाही. अप्पा कुठल्या गटात आहेत, माहीत आहे काय तुम्हाला?

अनगोळचा पोरगा
माहीत नाही. पण अप्पा दोनच घेतात, त्याही चिमुकल्या पेल्यात. त्यात चिकोरी (भाजलेल्या मुळाची पूड) असते, म्हणजे कॅफिन तसंही कमी. हॉटेलात गेले तर बाय टू सांगून अर्धी माझ्या गळ्यात मारतात.

चिकोडी बसस्टँड
आमचा आज्जा जल्मभर चा प्याला. दिवसाला धा कप. किडनीला काय बी झालं न्हाई. आता बोला!

निपाणीची लेक
आज्जाचं शेत होतं, चालणं होतं. ते पण मोजा की.

शहापूर लॅबवाला
कॉफीचं भांडण राहू द्या, आधी ते शहाळं थांबवा गा. रोज रिपोर्ट काढतो म्हणून सांगालोय. 100 मिली शहाळ्याच्या पाण्यात 200 ते 250 मिलीग्रॅम पोटॅशियम असतं. तेवढ्याच काळ्या कॉफीत 50 च्या आसपास. दूध घातलं की वाढतं, कारण दुधातच 150 आहे, पण पेला केवढा आणि शहाळं केवढं ते बघा. किडनी दमली की पोटॅशियम बाहेर पडत नाही, रक्तात साठतं, आणि त्याचा मार थेट हृदयाच्या ठोक्यांवर. बी.पी.साठी टेल्मिसार्टन चालू असेल तर आणखी चढतं. अप्पांचं सोडियम-पोटॅशियम केलंय काय?

खानापूरची वैनी
शहाळं थंड असतं. आमच्याकडं आजारी माणसाला तेच देतात. कॉफी उष्ण, म्हणून लघवीला जळजळ होते. पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं सगळं खोटं काय?

शहापूर लॅबवाला
खोटं कुठं म्हटलं, वैनी? जुलाब झालेल्या पोराला द्या की. क्रिएटिनिन 1.9 वाल्याला रोज नको, एवढंच. कॉफीलाही मी साधू म्हणत नाही. सवय नसलेल्याचं बी.पी. तिनं काही वेळ वर जातं, म्हणून कॉफीनंतर अर्धा तास तरी मशीन लावू नये. साखर दोन चमचे घालून घेत असाल तर शुगरवाल्याला तो वेगळाच ताप. पण एका पेल्यानं किडनी वाळत नाही.

निपाणीची लेक
हे पटलं. तरी "कॉफी चांगली" म्हणून कुणी नव्यानं सुरू करू नये, माझं म्हणणं तेवढंच. आमच्या मावशीनं मोबाईलवर बघून चौथा कप सुरू केला आणि झोप गेली.

अनगोळचा पोरगा
चार दिवसांनी लिहितोय. पोटॅशियम 5.7 आलं, म्हणजे जास्तच. डॉक्टरांनी शहाळं त्याच दिवशी बंद केलं, टेल्मिसार्टनचा डोस बदलला, आठवड्यानं परत तपासायला सांगितलं. कॉफी सकाळी एक पेला, बिनसाखरेची, चालेल म्हणाले. अप्पांनी तो पेला असा दोन्ही हातांत धरला, जणू जप्त झालेली जमीन परत मिळाली. काकी अजून म्हणतात, आकडा वाढला तो आधीच्या कॉफीनंच.

निपाणीची लेक
आणि गुडघ्याच्या गोळ्या?

अनगोळचा पोरगा
सोडल्या म्हणाले होते. आज पासबुकाच्या कव्हरात अर्धी पट्टी सापडली.