मिरजेत परदेशी पेशंट आणायचे तर सुरुवात कुठून करावी?

विश्रामबागकर:
मस्कत-दुबईकडच्या पेशंटना गुडघे, दात, मोतीबिंदू यासाठी मिरज-सांगलीत आणायचं काम सुरू करायचंय. हॉस्पिटल ठरवणं, व्हिसा, गाडी, खोली, दुभाषी सगळं आपल्याकडे. हॉस्पिटलकडून टक्केवारी घ्यावी की पेशंटकडून फी? आणि मुंबई-पुणे सोडून कुणी इकडे येईल का?

मिरज_जंक्शन:
शेवटचं आधी घेतो. मिशनरी डॉक्टर वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये दवाखाना काढला तेव्हापासून मिरजेला लांबून पेशंट येतात, पण ते रेल्वेने. तुमचा माणूस पुण्याला किंवा मुंबईला उतरणार. पुण्यापासूनही सव्वादोनशे किलोमीटर गाडी, आणि परत जाताना तेवढंच अंतर, टाके घेऊन. म्हणून अनोळखी पेशंटच्या मागे लागू नका. ज्यांचं घर, नातेवाईक या भागात आहेत ते आधी. भारतीय पासपोर्ट किंवा ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) असेल तर व्हिसाची भानगडही नाही.

ओमानी पेशंटला ई-मेडिकल व्हिसा. त्यासाठी हॉस्पिटलचं लेटरहेडवरचं पत्र. सोबत जास्तीत जास्त दोन माणसं, त्यांचे अर्ज वेगळे. मुदत पहिल्यांदा उतरल्यापासून ६० दिवस. अर्ज किमान ४ दिवस आधी लागतो, तुम्ही पंधरवडा धरा. अरबी नावं लांबलचक. पत्रात एखादा ‘अल’ किंवा ‘बिन’ सुटला की पासपोर्टशी जुळत नाही.

पेशंट आला की हॉस्पिटलने आणि लॉजनेही २४ तासांत ऑनलाइन माहिती भरायची, आपण ज्याला सी-फॉर्म म्हणतो ती. लॉजकडे त्याचं लॉगिन आहे का हे बुकिंगआधी विचारा. नसेल तर ऐनवेळी खोली नाकारतात. जिल्ह्यात हे काम एसपी (पोलीस अधीक्षक) ऑफिसकडे असतं.

हिशोबनीस:
टक्केवारीच्या फंदात पडू नका. पेशंट पाठवल्याबद्दल डॉक्टरने कमिशन देणं-घेणं डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेत मना आहे. नाव ‘मार्केटिंग’ दिलं तरी कट तो कटच. पेशंटकडून ठरावीक फी, लेखी, बिलासकट. उपचार जीएसटीमुक्त आहेत, तुमची फी नाही. वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली की नोंदणी. परदेशातून आलेली फी निर्यात धरता येईल का, ते सीएकडून लेखी घ्या.

डिपॉझिट स्वतःच्या खात्यात घेऊ नका, थेट हॉस्पिटलच्या खात्यात जाऊ दे. रोख २ लाख किंवा त्याहून जास्त हॉस्पिटलला घेता येत नाही. पेशंट ५,००० डॉलरहून जास्त नोटा आणणार असेल तर विमानतळावर कस्टमला सांगावं लागतं.

विश्रामबागकर:
बरं झालं विचारलं. एस्टिमेट फोनवर घेतलं तर चालेल का?

प्लास्टरवाला:
भांडणं तिथूनच सुरू होतात, दादा. लेखीच घ्या: एक गुडघा की दोन, इम्प्लांट (कृत्रिम सांधा) कुठल्या कंपनीचं, खोली कुठली, किती दिवस, आयसीयूत एक दिवस वाढला तर दर काय, फिजिओ धरलाय का. एमआरआयचा व्हॉट्सअ‍ॅपवरचा फोटो सर्जनच्या उपयोगाचा नाही, डायकॉम फाइल (स्कॅनची मूळ डिजिटल फाइल) मागवा. एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ततपासणी) तिकीट काढायच्या आधी. शुगर जास्त निघाली तर ऑपरेशन पुढे जातं, आणि पेशंट इथे खोलीत बसून ६० दिवस संपवतो.

परतीचं तिकीट तारीख बदलता येईल असंच. गुडघ्यानंतर पायात गुठळी व्हायचा धोका असतो, सर्जनचं फिट-टू-फ्लाय पत्र हवंच. डोळ्याच्या पडद्याच्या ऑपरेशनमध्ये गॅस भरला असेल तर तो पूर्ण जिरेपर्यंत विमान बंद: वर हवेचा दाब कमी, गॅस फुगतो, डोळ्यातला दाब वाढून नजर जाऊ शकते. साधा मोतीबिंदू त्या मानाने सोपा.

दातांचं गणित मात्र गावाकडे येणाऱ्यांना बरोबर बसतं. इम्प्लांटचा स्क्रू हाडात पकडायला साधारण ३ ते ६ महिने लागतात, म्हणजे दोन फेऱ्या. मे महिन्यात स्क्रू, दिवाळीला कॅप. एका फेरीत सगळं उरकून देतो म्हणणाऱ्याला आधी हाड किती आहे ते विचारा.

किडनीची चौकशी आली तर ‘दाता बघून देतो’ असा शब्दही तोंडातून काढू नका. अवयव प्रत्यारोपणाच्या १९९४ च्या कायद्याप्रमाणे परदेशी पेशंटला भारतीय दाता फक्त जवळचा नातेवाईकच चालतो, तोही त्या कायद्याखालच्या सरकारी समितीच्या मंजुरीने.