नकाशातली प्रत्येक पिन नुसतं ‘मार्कर’ म्हणते, काय करू?

लीफलेटमध्ये (वेबपानावर नकाशे दाखवणारी जावास्क्रिप्ट लायब्ररी) नकाशा केलाय, चाळीसेक पिना आहेत, स्क्रीन रीडर (पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) लावून टॅब दाबत गेलो तर प्रत्येकीवर तेच, ‘मार्कर, बटण’, ‘मार्कर, बटण’... कुठली पिन कशाची, काही पत्ताच लागत नाही.

> पिनांना ऑल्ट (स्क्रीन रीडरने वाचायचा पर्यायी मजकूर) दिला नसशील, मग डीफॉल्ट ‘मार्कर’च वाचणार ना. त्यात जागेचं नाव टाक, झालं.

> ते ठीक, पण चाळीस वेळा टॅब दाबून बघ एकदा :) नकाशाखाली त्याच जागांची साधी यादी दे आणि नकाशा ओलांडून थेट यादीवर नेणारी लिंक. मी तर यादीच आधी बनवतो.

> वेगवेगळ्या पिनांमध्ये नुसता लाल-हिरवा फरक नको, आकारही बदल. पिन आणि मागचा नकाशा यांच्यातला कॉन्ट्रास्ट (उजळ-गडद फरक) किमान ३:१ ठेव.

ऑल्ट टाकला, बोलायला लागल्या पिना! यादी आज रात्री.