स्लोव्हाक : 'पाद्नूत्य दो ओका' नेमकं कधी आणि कसं वापरायचं?

नवी_उजळणी

धड्यात 'पाद्लि स्मे सि दो ओका' असं वाक्य आलंय. शब्दशः 'आम्ही एकमेकांच्या डोळ्यात पडलो', आणि अर्थ दिलाय 'पहिल्या भेटीतच एकमेकांना आवडलो'. अडतंय ते असं : हे फक्त प्रेमाबिमात चालतं, की घर, बूट, कोट यांनाही चालतं? 'पादोल, पाद्ला, पाद्लो' हा बदल कोणाप्रमाणे करायचा, बघणाऱ्याप्रमाणे की आवडलेल्या वस्तूप्रमाणे? आणि 'सि' कुठे, 'मि' कुठे?

धातुपाठ

इंग्रजीतून विचार करू नका, थेट मराठीतून करा. सगळी रचना आपल्याकडे तयार आहे. 'ती मला आवडली' या वाक्यात क्रियापद 'ती'प्रमाणे चालतं आणि आवडून घेणारा 'मला'मध्ये बसतो. स्लोव्हाकमध्ये अगदी तसंच : 'पाद्ला मि दो ओका'. म्हणजे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, जे आवडलं त्याच्या लिंगाप्रमाणे.

आता घोटाळे कुठे होतात ते बघा, कारण हे खास मराठी माणसाचे घोटाळे आहेत.

'मि' म्हणजे 'मी' नव्हे, 'मला'. 'त्यि' हे रोमन लिपीत लिहिलेलं 'ती'सारखं दिसतं, पण अर्थ 'तुला'. 'त्याला'साठी 'मु', 'तिला'साठी 'येय'. कानाला 'मी' ऐकू आलं की आपण नकळत त्यालाच कर्ता करतो आणि वाक्य उलटं समजतो.

दुसरं, प्रत्यय. मराठीत 'भरला' पुल्लिंगी, पण 'पाद्ला' स्त्रीलिंगी. मराठीत '-ली' म्हणजे एक बाई, स्लोव्हाकमध्ये '-लि' म्हणजे अनेकवचन, तिन्ही लिंगांना एकच. 'मी पडलो'मधला '-लो' पुरुष बोलतो, तर 'पाद्लो' नपुंसकलिंगी. पुल्लिंगी एकवचन 'पादोल'. ही चार रूपं नामासकट पाठ करा, सुटी नकोत :

तेन काबात मि पादोल दो ओका (तो कोट)
ता क्निहा मि पाद्ला दो ओका (ते पुस्तक)
तो श्त्येन्या मि पाद्लो दो ओका (ते कुत्र्याचं पिल्लू)
तिए तोपान्कि मि पाद्लि दो ओका (ते बूट)

तिसरं म्हणजे 'माझ्या नजरेत भरला' हे मनात ठेवून 'माझ्या डोळ्यात' असं षष्ठीचं रूप जोडू नका. डोळा कोणाचा हे चतुर्थीच सांगते. आईच्या नजरेत कोट भरला, तर 'काबात पादोल मामे दो ओका'. 'मामे' म्हणजे 'आईला'.

कार्पाती

कुठे चालतं : माणूस, घर, कपडा, गाडी, कुत्रा, सगळ्यांना. अट एकच, आवड बघताक्षणी जडलेली हवी. वर्षानुवर्षं आवडणाऱ्या गोष्टीला हे लावत नाहीत, तिथे साधं 'पाचि सा मि' (मला आवडतं). खाण्याच्या चवीलाही नाही.

क्रियापद पूर्णत्ववाचक आहे, म्हणजे क्रिया पुरी झाल्याचं सांगणारं, त्यामुळे 'पाद्न्ये' हे रूप वर्तमानकाळासारखं दिसलं तरी अर्थ भविष्याचा. दोन मित्रांची ओळख करून देण्याआधी म्हणतात, 'उर्चित्ये सि पाद्न्येत्ये दो ओका', तुमचं नक्की जमेल. नकारही खूप कामाचा : 'ती द्वाया सि न्येपाद्लि दो ओका', त्या दोघांचं पहिल्यापासून जमलं नाही. कोणालाही दोष न देता सांगायची ही सभ्य पद्धत आहे.

सांभाळायचं ते समोरच्याला तोंडावर म्हणताना. 'पाद्ला सि मि दो ओका', म्हणजे 'तू मला आवडलीस', यात प्रेमाचा रंग सहज येतो. मुलाखतीत किंवा घरमालकाशी बोलताना हे नकोच. तिथे 'उरोबिलि स्त्ये ना म्न्या दोब्री दोयेम', तुमची माझ्यावर चांगली छाप पडली. इथे 'ना'नंतर द्वितीया येते, म्हणून 'म्न्या'. 'मि' चालणार नाही.

नवी_उजळणी

म्हणजे 'तेन दोम मि पाद्लो दो ओका' बरोबर? आणि वरच्या वाक्यातला 'सि' 'एकमेकांना' आहे का?

धातुपाठ

पहिलं चूक. घर नपुंसकलिंगी आहे ते मराठीत, 'दोम' पुल्लिंगी आहे, म्हणून 'पादोल'. 'क्निहा'चंही तसंच, पुस्तक नपुंसक पण 'क्निहा' स्त्रीलिंगी. शहराच्या बाबतीत मात्र नशीब जुळतं, 'मेस्तो' नपुंसकच.

'सि' दोन आहेत. 'पाद्ला सि मि' यातला 'सि' म्हणजे 'तू आहेस'मधला 'आहेस'. मराठीत 'आवडलीस'च्या शेवटी जो 'स' येतो, त्याची जागा तो घेतो. 'पाद्लि स्मे सि' यातला 'सि' म्हणजे 'एकमेकांना'. शेजारी 'स्मे' (आहोत) किंवा 'स्त्ये' (आहात) असेल तर 'सि' एकमेकांचा. तृतीयपुरुषात साहाय्यक क्रियापद गळतं, म्हणून नुसतं 'पाद्लि सि दो ओका'. हे छोटे शब्द वाक्यात दुसऱ्या जागी बसतात आणि आपसात साहाय्यक आधी, मग 'सि' किंवा 'मि'. सुरुवातीला 'ह्न्येत्य' (लगेच) आणलं की 'ह्न्येत्य स्मे सि पाद्लि दो ओका'.

टाचणवही

उच्चाराचं राहिलं. 'द' दंत्यच ठेवा, 'ड' नको. 'पा'मधला आ तोंड उघडून पण आखूड, 'नू' मात्र लांब. 'दो ओका' एकाच शब्दासारखं, आघात 'दो'वर. 'ह्न्येत्य'मधला ह आपल्या ह-सारखाच घोष आहे, त्याची काळजी नको. 'ओको' (डोळा) आणि संस्कृत 'अक्षि' एकाच मूळ धातूतून आलेत, शब्द लक्षात राहायला बरं.

'ओको'च्या अवतीभवतीची रूपं मिसळू नका. 'बिये तो दो ओची' (इथे अनेकवचन) म्हणजे उघड उघड दिसतंय, बहुधा खटकणारं. 'त्र्न्योम व ओकु' म्हणजे डोळ्यात सलणारा काटा. आणि 'न्यिएचो मि पाद्लो दो ओका' म्हणालात तर समोरचा रुमाल पुढे करेल, कारण 'काहीतरी' आलं की अर्थ शब्दशः घेतात : डोळ्यात कचरा गेलाय. आवडलेल्या वस्तूचं नाव घ्या.

सरावासाठी स्लोव्हाक राष्ट्रीय कॉर्पसमध्ये (प्रत्यक्ष वापरातल्या मजकुराचा संग्रह) 'दो ओका' शोधा आणि आलेल्या वाक्यांपैकी वीस वहीत उतरवा. प्रत्येकात कर्ता एका रंगाने, चतुर्थी दुसऱ्या रंगाने अधोरेखित करा. कर्ता वाक्याच्या शेवटी गेलेली वाक्यं वेगळी काढा, तिथेच लिंग चुकतं.